तुटक रेघेखालची बॅटरी

“मिस नाबर, ही तुटक रेघ काढून टाका,” आमचे विभागप्रमुख मूर्तीसाहेब म्हणाले. “एका माणसाला दोन साहेब नसतात.”

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. बंगळूरच्या एका सरकारी वायरलेस कारखान्यात मी जर्मन अनुवादक होते. मूळची वेंगुर्ल्याची. पुण्याला कॉलेजात जर्मन शिकले आणि राजाजीनगरला भावाकडे राहून ही नोकरी धरली. त्या आठवड्यात माझ्या टेबलावर युद्धकाळातल्या जर्मन नौदलाच्या किनारा-संरक्षणाचा तक्ता होता. सगळ्यात वर ॲडमिरल. त्याच्या हाताखाली किनाऱ्याच्या एकेका पट्ट्याचा कमांडंट. त्याच्या हाताखाली बंदरं, टेहळणीची ठाणी आणि तोफांच्या बॅटऱ्या. बॅटरी म्हणजे एकाच हुकमावर डागायच्या चार-सहा तोफा आणि त्यांची माणसं. आम्हाला आपल्या किनाऱ्यासाठी वायरलेस संच बनवायचे होते. कोण कोणाशी बोलतं, त्यावर संच किती लागतील ते ठरणार होतं.

अडचण अशी, की प्रत्येक बॅटरीपासून एक सलग रेघ नौदलाकडे जात होती आणि एक तुटक रेघ भूदलाकडे. दोन्ही रेघांवर वेगवेगळे शब्द. डिक्शनरीत दोन्हींचा अर्थ एकच, ‘अधीन’.

“छपाईची चूक असेल,” साहेब म्हणाले. “सोमवारी रिपोर्ट दिल्लीला जायचाय.”

“प्रत्येक बॅटरीला तीच चूक कशी होईल, सर? क्रोगरसाहेबांना विचारू?”

“ते युद्धाबद्दल बोलत नाहीत. पण बघा. स्वल्प, जरा जपून.”

हेर क्रोगर करारावर आलेले जर्मन इंजिनियर. टेस्टिंगला असत. उंच, अबोल, कॅन्टीनचा उपमा चमच्यानं मुकाट खाणारे. मी त्यांच्या बेंचवर तक्ता पसरला. “मला यातलं काही आठवत नाही,” ते म्हणाले, आणि तो परत गुंडाळायला लागले. गुंडाळता गुंडाळता खालच्या कोपऱ्यात त्यांचा हात थांबला. तिथल्या बॅटरीचं नाव त्यांनी मोठ्यानं वाचलं. बॅटऱ्यांना शेजारच्या गावांची नावं असत.

“हे माझं गाव,” ते म्हणाले. “आता ते पोलंडमध्ये आहे. नावही बदललंय. पंधरा वर्षांत हे नाव छापलेलं कुठं पाहिलं नव्हतं.”

मग ते आपणहून बोलू लागले.

“या बॅटरीचा सिग्नल ऑफिसर मी होतो. माझ्यासमोर दोन फोन. शत्रू समुद्रातून आला तर नौदलाचा फोन ऐकायचा. जमिनीवरून आला तर भूदलाचा. तुमची तुटक रेघ ती हीच. शेवटी रशियन रणगाडे रस्त्यानं आले. नौदलाचा फोन आला, तोफा समुद्राकडेच ठेवा, बंदरातून पळणाऱ्या लोकांच्या बोटी निघताहेत. भूदलाचा आला, तोफा वळवा, रस्त्यावर डागा. कॅप्टननं मला विचारलं, हुकूम कोणाचा? मला नियम पाठ होता. मी म्हणालो, भूदलाचा.”

“मग?”

“तो रस्ता आमच्या गावातून जात होता. आई घरात होती. निघाली होती की नाही, मला माहीत नाही. अजून माहीत नाही.” ते म्हणाले, “त्याआधी आम्ही दुसऱ्यांच्या गावांवर तोफा डागल्या. तेव्हा तिथं कोणाची आई असेल, हे मनात आलं नव्हतं.”

मग त्यांनी अवघडून विचारलं, “हा कागद मला मिळेल?”

कागद गोपनीय होता. मी मूर्तीसाहेबांना जाऊन सगळं सांगितलं. ते बराच वेळ पेन्सिलीला टोक काढत बसले.

“कागद बाहेर जाणार नाही,” ते म्हणाले. “पण अनुवाद तपासायला तज्ज्ञ लागतोच. सरी, ठीक आहे, त्यांना लायब्ररीत बसवा.”

क्रोगर चार दुपारी आले आणि तो एकच तक्ता तपासत बसले. त्या नावावर बोट ठेवून कुठं धक्का होता, कुठं मासे टिकवायला धुरी देत, आईची खिडकी कुठल्या बाजूला उघडायची ते सांगत. मीही त्यांना वेंगुर्ल्याचा धक्का सांगितला, आमच्या परड्यात सुकत घातलेली जाळी, ओहोटीला उघडे पडणारे खडक. पावसाळ्यात समुद्राची गाज घरात ऐकू यायची, तेही सांगितलं. बंगळूरची हवा छान, सगळे म्हणत. त्या हवेला खारा वास नव्हता.

शुक्रवारी त्यांनी तक्ता गुंडाळून माझ्या हाती दिला. “बरोबर आहे,” एवढंच म्हणाले.

रिपोर्टमध्ये दोन रेघा राहिल्या आणि त्यांना दोन वेगळे शब्द मिळाले, ‘नेहमीचा ताबा’ आणि ‘लढाईपुरता ताबा’. दर बॅटरीला एकाऐवजी दोन संच धरले गेले. दिल्लीहून काही शंका आली नाही. करार संपल्यावर क्रोगर हँबुर्गला गेले. त्यांची दोन पत्रं आली. आईचा पत्ता लागला नव्हता.

पुढे तीस वर्षं मी अनुवाद केले. डिक्शनरीत दोन शब्दांना एकच अर्थ दिसला, की मी थांबायचे आणि त्या कामातला माणूस शोधायचे. मात्र प्रश्न विचारण्याआधी त्याला खुर्ची द्यायचे. क्रोगरना मी उभ्याउभ्याच विचारलं होतं.