झाकणाची मूठ

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आजवर तोंडावर येडा म्हणत आलो. आता माझ्यावरच लिहायची पाळी आली. चौथी शिकलोय, चूकभूल सांभाळून घ्या.

आम्ही चोपड्याचे, केळीवाले. माझे वडील धुळ्याला एका गोऱ्या साहेबाकडे स्वयंपाकी होते. साहेब विलायतेला परत जाताना त्यांना चांदीचं वाढायचं भांडं देऊन गेला — लांबट, जड, बुडाला सिंहाचा छाप, वर झाकण, झाकणाला मूठ. मूठ फिरवून काढली की झाकण उलटं ठेवायचं... दुसरं भांडं तयार. हे मला माझ्या बायकोनं, द्वारकानं सांगितलं. मी तर नुसता जेवणारा.

भांडं वर्षातून एकदाच निघायचं, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमरसासाठी. मी म्हणायचो, "बस वं मना संगे." ती म्हणायची, "तुम्ही जेवी ल्या, मी मांगून जेवसू." ती मागाहून जेवायची, मी जेवून खळ्यात आडवा व्हायचो. एकदा विडी विसरलो म्हणून परत आलो, तर ही चुलीपाशी बसून उलट्या झाकणात रसपोळी खात होती. हसली. "हाई मनं ताट शे."

बेचाळीस वर्षांत हात धरून कधी शेजारी बसवलं नाही तिला.

ती गेली. यंदा तिची पहिली घागर. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं आखाजीला पाण्याची घागर भरतात, निखाऱ्यावर घास टाकतात, त्याला आगारी म्हणतात. तिचा नैवेद्य तिच्याच ताटात वाढायचा, एवढंच मी मनात धरलं. पण मूठ हलेना. मुलानं, संजयनं पकड लावली. नाहीच.

जळगावला चांदीच्या कारागिराकडे नेलं. त्यानं भिंग लावलं.

"आबा, हाई डाग दिसन जोडेल शे, झाळ लावून पक्की. डागबी जुना, तुमच्या लग्नाआधीचा. ही मूठ कधी निघालीच नाही."

"माझी बायको काढायची."

"मग त्यांनाच विचारा ना!" — आणि माझं तोंड पाहून त्यानं भिंग खाली ठेवलं. मग हळूच, "कापू का?"

"तुझा हात काप."

आखाजीला दुपारी रस भरून, झाकण लावून भांडं टेबलावर ठेवलं. सुनेनं नैवेद्य केळीच्या पानावर वाढला. आगारी टाकायला आम्ही तिघंही मागच्या अंगणात गेलो. घरात चौथं माणूस नाही.

परत आलो... झाकण माझ्या खुर्चीसमोर, उलटं. मूठ शेजारी. आटे स्वच्छ, तुटल्याची खूण नाही.

संजय म्हणाला, "उन्हानं सैल झालं असेल."

"आणि उलटं कोणी केलं? उन्हानं?"

त्यानं मोबाइलवर फोटो काढला. कारागिराला नंतर फोटो पाठवला. म्हणाला, "आबा, मी खोटं नव्हतो बोललो." मला माहीत आहे. द्वारकाही खोटं बोलणारी नव्हती. दोघं खरे कसे, हे मला अजून उमगलेलं नाही. कोणाला उमगलं तर लिहा.

त्या दुपारी मात्र मी काही विचारत बसलो नाही. झाकणात रस वाढला, पोळी ठेवली, माझी खुर्ची तिला सोडून मी समोरची ओढली.

म्हटलं, "तू जेवी ले वं. मी मांगून जेवसू."

रस काळा पडेपर्यंत बसलो होतो.