मिस्त्रींची लाल पट्टी

लिफ्टमिस्त्रींचा स्वभाव मुळातच काळजीचा. घराला कुलूप लावलं की ते ओढून बघायचे, जिना उतरायचे, आणि पुन्हा वर जाऊन ओढून बघायचे. शेजारी त्यांना पाठीमागे ‘पुन्हा-बघतो’ म्हणत. पण ज्याच्या हातच्या कामावर रोज एवढी माणसं वर-खाली करतात, त्यानं निर्धास्त असावं तरी कसं?

काम शिकवणाऱ्या वस्तादांनी त्यांना एक शिस्त लावली होती. जो नट सैल करायचा, त्याच्या शेजारी लाल कापडाची पट्टी बांधायची. नट आवळला की मगच पट्टी सोडून खिशात टाकायची.

डोक्याला विसावा म्हणून बायको दर रविवारी त्यांना गावाबाहेरच्या जंगलात नेई. झाडी लागेपर्यंत सायकली, पुढे पायी. सावली अंगावर आली की मिस्त्रींचे ताठलेले खांदे आपोआप खाली येत. त्या रविवारी मात्र दवाखान्याच्या लिफ्टचा ब्रेक दुरुस्त करून ते परस्परच निघाले होते; बायको वाटेत येऊन मिळाली. चढ संपल्यावर रुमालासाठी खिशात हात घातला आणि चेहरा पांढराफटक पडला.

“पट्टी नाही!”

“सापडेल हो.”

“अगं, पट्टी तिथंच राहिली म्हणजे ब्रेकचा नट सैल राहिला!”

त्यांनी दवाखान्याच्या वॉचमनला फोन लावला. “लिफ्ट कशी आहे?”

“मस्त पळतेय की! आत्ताच एका आजींना वर पाठवलं.”

मिस्त्रींनी सायकल उलटी वळवली. “बंद करा. मी येतो.”

“पुन्हा? मिस्त्री, साहेब म्हणालेत, आणखी एकदा असं झालं तर दुसरा माणूस बघू.”

“बघू देत. आधी लिफ्ट बंद करा!”

ते सायकलवर टांग टाकणार, तोच बायकोनं हँडल धरलं. “एवढ्या घाईत नको. उतारावर हाडं मोडून घ्याल आणि तिथं पोचायचंही राहील. सपाटीपर्यंत चालत चला.”

ते सायकल ढकलत निघाले. पहिल्यांदा ऐकू येत होती ती नुसती छातीतली धडधड. मग टायरखाली चुरडणारी पानं. मग कुठला तरी पक्षी. श्वास जरा जागेवर आला, पण आजींना घेऊन वर जाणारी ती लिफ्ट डोळ्यांपुढून हलेना.

“अहो,” मागून बायको म्हणाली, “पायाला हे काय बांधलंय? मला वाटलं, नवी फॅशन!”

मिस्त्रींनी खाली पाहिलं. पँट साखळीत अडकू नये म्हणून घोट्याशी गुंडाळलेली लाल पट्टी. दवाखान्याच्या फाटकात, सायकलवर बसताना, हाताला लागली ती त्यांनीच बांधली होती. आणि नट आवळल्याशिवाय त्यांनी जन्मात कधी पट्टी सोडली नव्हती.

ते मटकन दगडावर बसले. फोन लावला. “चालू राहू द्या.”

“बंद कुठं केलीय अजून? चावीच शोधतोय!”

बायको पोट धरून हसली. मिस्त्रीही हसले, जरा उशिरानं. मग दोघं पुन्हा झाडीकडे वळले. बायको पुढं, मिस्त्री मागं, आणि दर वळणावर त्यांची नजर गुपचूप घोट्याकडे.