तागडीवरचं सरकार

मानवतच्या मोंढ्यात आमचं सोयाबीन मोजणारा मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. बोलतानाही त्याची नजर काट्यावर असते. निवडणुकीच्या निकालात कुणालाच बहुमत मिळालं नाही, तेव्हा मी त्याला विचारलं, "आता सरकार कसं होणार?"

"थांबा सर, दावतो."

त्यानं अडगळीतली पोत्यांची जुनी तागडी टांगली. एका पारड्यात आमच्या ढेरपोट्या आडत्याला बसवलं. "ह्यो सगळ्यात मोठा पक्ष." दुसऱ्यात दोन हडकुळे हमाल कोंबले. "ही आघाडी." आघाडीचं पारडं खाली गेलं. "लाभ!" मापाडी ओरडला आणि मोंढाभर टाळ्या पडल्या.

आडत्या चिडला. "सर, बाहेरून पाठिंबा द्या की!"

मी एक पाय जमिनीवर ठेवून दुसरा त्याच्या पारड्यात रोवला. हमाल वर लटकले.

"हे अल्पमताचं सरकार," मापाडी म्हणाला. "लय जपून चालतंय."

मला हसू आवरेना. पाय निसटला, आडत्याचं पारडं वर गेलं, सरकार पडलं.

"अरे, काट्याला जरा बोट लाव!" अधांतरी आडत्या केकाटला.

मापाड्यानं दोन्ही हात वर केले. हसून त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते पुसायलाही हात खाली आला नाही.