धारेचा हात

रुग्णालयातल्या आमच्या फिजिओथेरपी विभागात भाजलेल्या हातांचा व्यायाम संगणकापुढे होतो. कॅमेरा बोटांची हालचाल टिपतो आणि पडद्यावरचा हात तसाच हलतो. शाहूवाडीकडून येणाऱ्या मावशी मात्र पडद्याकडे बघतच नाहीत. लिंबू पिळायचा खेळ लावला, की त्या डोळे मिटतात, उजवी मूठ आवळत खाली आणतात आणि तोंडाने म्हशीला चुचकारतात.

म्हशीसाठी आंबोण उकळतानाच त्यांचा हात भाजला. तेव्हापासून ती म्हैस दुसऱ्या कुणाला पान्हा सोडत नाही आणि घरचे तिला विकायला निघालेत. "माझ्याबिगर कुणाला जवळ करत न्हाय बघा," असं त्या तक्रारीच्या सुरात सांगतात, पण चेहरा सुखावलेला असतो.

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. आईने धारा काढल्या म्हणून शिकलो. त्यामुळे त्यांची ती मूठ मी लगेच ओळखली.

परवा आलेख चढलेला बघून मी म्हणालो, "मावशी, मूठ बरीच मिटायला लागली की."

"ते तुमच्या मशीनला. बोट करा हिकडं."

त्यांनी माझं बोट म्हशीच्या सडासारखं धरून खाली ओढलं. कातडी ताणलेली, खरखरीत होती. दाब जवळजवळ नव्हताच.

"कळतोय दाब," मी म्हणालो.

"गप बसा पावणं. म्हशीला असलं चालत न्हाय."

मग माझं बोट न सोडता त्यांनी डाव्या हाताने नवऱ्याला फोन लावला.

"अवो, म्हस एवढ्यात इकू नका. हितल्या सायबास्नी दाब कळला."