साडेसहाचा फोन

दत्ता गेल्याचा फोन वहिनींचा होता. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. "हे गेले," एवढंच म्हणून त्यांनी फोन शेजारणीच्या हातात दिला. किती वाजता गेले, वैकुंठ स्मशानभूमीत कधी न्यायचं, हे शेजारणीनं सांगितलं. तो फोन ठेवल्यावर मी मार्केट यार्डात, दत्ताच्या शेजारच्या गाळ्यावर फोन लावला आणि बातमी खरी आहे का, असं विचारलं. बायकोनं स्वतः कळवलेलं मरण मी दुसरीकडून पक्कं करून घेतलं. वृत्तपत्राच्या डेस्कवर तीस वर्षं काढलेल्या माणसाचा हात तिकडे आपोआप जातो. याला आता सहा आठवडे झाले.

दत्ता बटाट्याचा आडत्या होता. आमची ओळख माझ्या चुकीतून झाली. मी नवा वार्ताहर होतो. हमालांच्या संपामुळे यार्डात एकशे वीस ट्रक अडकून पडल्याची बातमी मी दिली होती. दुसऱ्या दिवशी कार्यालयात फोन आला. "तुम्ही एकशे वीस लिहिलेत. मी मोजलेत, चौऱ्याऐंशी. बाकीचे छत्तीस तुमच्या घरासमोर उभे असतील तर कळवा, माल उतरवून घेतो." मी त्याला भेटायला गेलो. आकडा कुणी दिला, असं त्यानं विचारलं. मी एका दलालाचं नाव सांगितलं. "एका तोंडाच्या बातमीवर आम्ही गाडीसुद्धा भरत नाही, तुम्ही पेपर छापता?" तेव्हापासून तो मला संपादक म्हणू लागला. मी संपादक कधीच झालो नाही. हे त्याला शेवटपर्यंत ठाऊक होतं आणि त्यानं ते संबोधन शेवटपर्यंत सोडलं नाही.

बावन्नाव्या वर्षी त्यानं एका डोंगराचा विषय काढला. इंडोनेशियातल्या एका बेटावरचा तो जागृत ज्वालामुखी आहे. त्याला नाव आहे, पण दत्ता ते कधी घेत नसे, म्हणून मीही इथे लिहीत नाही. त्याला माथ्यावर जायचं नव्हतं. "धुमसतंय तिथं पाय कशाला ठेवायचा? प्रदक्षिणा घालायची आणि यायचं." सात दिवसांची वाट होती. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी नुसती राख, पाण्याचा थेंब नाही, म्हणजे पाणी पाठीवर न्यायचं. दुपारच्या पावसानंतर ओढ्यांना चिखलाचे लोंढे येतात, म्हणून प्रत्येक ओढा बाराच्या आत ओलांडायचा. हे सगळं त्यानं एका मोठ्या नकाशावर लाल पेन्सिलीनं लिहून नकाशा गाळ्यात वजनकाट्याच्या वर चिकटवला होता. हे खूळ कुठून आलं, असं मी एकदा विचारलं. गाळ्याच्या मधल्या खांबाकडे बोट करून तो म्हणाला, "तीस वर्षं याच्याभोवती फिरलो. आता दुसऱ्या कशाभोवती तरी फिरू."

सॅक अठरा किलोची होणार होती. तेवढ्या वजनाचा सराव हवा म्हणून तो दर शनिवारी काट्यावर बरोबर अठरा किलो बटाटे तोलून सॅकमध्ये भरायचा, आणि रविवारी आम्ही आतकरवाडीच्या पायवाटेनं सिंहगड चढायचो. दुसरे लोक सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरतात आणि वर जाऊन ओतून टाकतात. दत्ताला ते पटत नसे, कारण गुडघ्यांची परीक्षा उतरताना असते. गडावर दही विकणारी एक बाई त्याला ओळखू लागली होती. "काय शेठ, गडावर बटाटं इकायला आनलं का काय? दोन द्या की भाजीला." दत्ता सॅकचा बंद घट्ट करायचा. "मावशी, वजन मोजून आणलंय, मोजून न्यायचंय." "लई चिंगूस हाय बगा ह्यो शेठ," असं ती मला सांगायची. दह्याची दोन मडकी मात्र तो तिच्याकडूनच घ्यायचा.

माझ्याकडे काम एकच होतं. ती वाट बहुतेक काळ बंद असते. ती उघडल्याचं पहिल्यांदा तिथल्या सरकारी वेधशाळेच्या पानावर येतं. पायथ्याच्या गावातल्या एका वाटाड्याशी आमचा ई-मेलवर पत्रव्यवहार होता, तो दुसरा मार्ग. दोन्हीकडून खात्री झाली तरच निघायचं, हा नियम आम्ही दोघांनी मिळून ठरवला होता. रोज सकाळी साडेसहाला मी दोन्ही ठिकाणं बघायचो आणि दत्ताला फोन लावायचो. मागे लिलावाचा आरडाओरडा असायचा. "बोला संपादक." "बंद." "ठेवतो." पाच वर्षं हा फोन यापेक्षा लांबला नाही.

सहाव्या वर्षी जूनमधल्या एका सकाळी वेधशाळेच्या पानावर वाट खुली दिसली. वाटाड्याला विचारलं, उत्तर नाही. मी दत्ताला "बंद" म्हणून सांगितलं. एका ठिकाणी खुली आहे, दुसरीकडची वाट बघतोय, असं सांगता आलं असतं. पण अर्धी बातमी मी आयुष्यात कधी दिली नव्हती. असे अकरा दिवस गेले. वाटाड्या कुणाच्या तरी लग्नाला दुसऱ्या बेटावर गेला होता. बाराव्या दिवशी त्याचं उत्तर आलं, "उघडी आहे, कधीचीच." त्या सकाळी मी "खुली" म्हणालो. पलीकडे लिलाव चालू होता. दत्ता म्हणाला, "बरं." तिकिटं आठ दिवसांनंतरची मिळाली. निघायच्या आदल्या संध्याकाळी डोंगरानं राख फेकली आणि वाट बंद झाली. पहिल्याच सकाळी निघायचं ठरलं असतं, तर तयारीचे आठ, प्रवासाचे दोन आणि चालण्याचे सात दिवस धरूनही दोन दिवस हाताशी राहिले असते.

पुढच्या हिवाळ्यात गडाच्या तिसऱ्या टप्प्यावर दत्ताला दम लागला. वजन चुकलं असेल म्हणून त्यानं गाळ्यावर येऊन सॅक पुन्हा तोलली. काटा अठरावर होता. त्यानंतरच्या रविवारी सॅक सैल दिसली. "माल कमी दिसतोय तर कमीच आहे, विचारू नका." महिनाभरानं निदान झालं. फुफ्फुसं आतून आवळत जाण्याचा आजार होता आणि त्यावर उलटा रस्ता नव्हता. जिना चढू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. दत्तानं पहिल्या मजल्यावरच्या घरातून खाली येणं सोडलं, पण नकाशा गाळ्यातून घरी मागवून घेतला. दुसऱ्या दिवसाचा मुक्काम तो एक ओढा अलीकडे आणत होता. साडेसहाचा फोनही चालू राहिला. आता मागे लिलाव नव्हता, प्राणवायूच्या यंत्राची घरघर होती.

तो जायच्या दहाएक दिवस आधी मी त्याला त्या अकरा दिवसांबद्दल सांगितलं. आम्ही तिघंच होतो, वहिनी औषधं लावून ठेवत होत्या. तो नळी नाकाशी नीट करत म्हणाला, "माहीत होतं. पान माझ्या फोनवरही दिसतं, संपादक."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमची बातमी यायची होती ना." थोडा श्वास घेऊन पुढे म्हणाला, "तुमच्या पेपरात मेलेला माणूससुद्धा दुसऱ्या दिवशी मरतो." वहिनी हसल्या. तोही हसायला गेला आणि खोकला सुरू झाला, तो बराच वेळ थांबला नाही. त्यानं मला माफ केलं की नाही, हे मला कळलं नाही. पुन्हा विचारायची संधी मिळाली तरी मी विचारलं नाही. एवढीच नोंद करता येते.

गेल्या आठवड्यात वहिनींच्या सांगण्यावरून गाळ्यावर गेलो. गाळा आता पुतण्या बघतो. सॅक खांबाच्या खुंटीला आहे. आजारपणातही दत्ता दर महिन्याला जुने बटाटे काढून नवे अठरा किलो भरायला लावत असे, त्यातले शेवटचे आत आहेत. जुन्या हमालानं न विचारता सॅक काट्यावर ठेवली. सोळा किलो सहाशे भरली. "घट हाय. बसल्या जागी बी माल घटतो," असं म्हणून त्यानं ती परत खुंटीला अडकवली. रिकामी करू का, असं त्यानं विचारलं नाही.

तिथून दत्ताच्या घरी गेलो. वहिनी चहा देताना म्हणाल्या, "साडेसहाला अजून फोनकडे बघते मी. भाऊजी, ती वाट कधी उघडली तर मला सांगाल? जायचं नाहीये कुठं. नुसतं कळावं म्हणून." मी हो म्हणालो.

मी अजूनही रोज साडेसहाला दोन्ही ठिकाणं बघतो. वेधशाळेच्या पानावर मंगळवारपासून वाट खुली आहे. वाटाड्यानं या वेळी त्याच दिवशी उत्तर पाठवलं, हवा स्वच्छ आहे, या म्हणून. आज शुक्रवार. वहिनींना अजून कळवलेलं नाही.