साहेबांच्या वाढदिवसाचं नेत्रशिबिर

आमच्या दवाखान्याच्या दारात एक काळा फळा होता आणि माझं अक्षर बरं होतं. एवढ्या एका गुन्ह्यावरून तो फळा माझ्या गळ्यात पडला. वर रंगाने कायमचं लिहिलेलं होतं, 'आगामी कार्यक्रम व संधी', आणि खालचं मी खडूने लिहायचे. रक्तदान शिबिर. गरोदर मातांचा मेळावा. परिचारिकांसाठी शहरात प्रशिक्षण, इच्छुकांनी नावे द्यावीत. मी दर वेळी इच्छुक असायचे आणि दर वेळी माझ्या जागी ड्यूटीला उभं राहायला कुणी नसायचं, म्हणून ती संधी फळ्यावरच वाळून जायची. ऐन दुष्काळात एकदा वरून 'हात धुण्याचे प्रात्यक्षिक' आलं. नळाला पाणी नव्हतं. आम्ही कोरडे हात एकमेकांवर चोळून दाखवले, समोर बसलेल्या बायांनीही चोळले, फोटो निघाला आणि कार्यक्रम संपला.

दवाखाना सहकारी साखर कारखान्याचा, नेकनूरच्या अलीकडे माळावर. त्या साली ऊसच जळाल्यामुळे कारखाना सुरू झाला नाही. पण कारखाना बंद म्हणून चेअरमन साहेबांचा वाढदिवस थोडाच बंद राहतो? तो जानेवारीत यायचा, आणि त्या दिवशी दवाखान्यात मोतीबिंदूची मोफत ऑपरेशनं व्हायची. मी फळ्यावर लिहिलं, 'रुग्णासोबत एक सज्ञान नातेवाईक आवश्यक', आणि माझं मलाच हसू आलं. दिवाळी झाली की आमच्याकडची गावंच्या गावं ऊसतोडीला जातात. बाजली, भांडी, शेरडं ट्रॅक्टरवर चढतात आणि टोळ्या निघतात थेट कृष्णेच्या कडेला. मागे उरतात म्हातारी माणसं आणि त्यांच्या भरवशावर शाळेसाठी ठेवलेली पोरं. जानेवारीत गावात धडधाकट म्हणावा असा एकच, देवळातला मारुती.

मीटिंगमध्ये मी बोलून पाहिलं होतं. "साहेब, शिबिर दसऱ्याच्या आधी घेऊ. टोळ्या जायच्या आत."

साहेब वाईट माणूस नव्हते. बशीत चहा ओतत म्हणाले, "सिस्टर, वाढदिवस अलीकडं-पलीकडं करता येतो का?"

सगळे हसले. मीही हसले. इतकी वर्षं नोकरी केल्यावर ते आपोआप येतं.

शिबिराच्या दिवशी दोन म्हातारे एकमेकांचा हात धरून आले. एकाच गावचे, शेजारी शेजारी राहणारे. एकाने मुंडासं बांधलेलं, दुसऱ्याच्या डोक्यावर टोपी, आणि दोघांच्याही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला.

"नातेवाईक कुठे आहेत?" मी विचारलं.

मुंडासंवाल्याने टोपीवाल्याकडे बोट केलं आणि टोपीवाल्याने त्याच्याकडे. "ह्यो माझा, अन् मी ह्येचा."

"अहो बाबा, पण यांना दिसतं का?"

"ह्येला नुसता उजेड दिसतोय," टोपीवाला म्हणाला.

"उजेड न्हाई बे, मानूस दिसतंय मला. ह्या काय बाई हुभ्या हायत समोर." हे त्याने सलाईनच्या स्टँडकडे तोंड करून सांगितलं.

मला हसू आवरेना. मग मुंडासंवाला बाबा एकदम गंभीर झाला. त्याचा मुलगा आणि सून फडावर होते आणि सातवीतली नात याच्याजवळ होती. तिच्यापुरत्या भाकरी तो हाताच्या अंदाजाने थापायचा. आठवड्यापूर्वी चुलीवर त्याचा हात भाजला आणि पोरीने मुकादमाच्या फोनवर बापाला ते भोळेपणी सांगून टाकलं. बाप म्हणाला, म्हाताऱ्याला दिसत नाही तर तिथं राहून काय करते? इकडं मोळ्या तरी बांधील. संक्रांतीला तो तिला न्यायला येणार होता.

"डोळा झाला तर मी त्याला सांगू शकतो बाई, मला दिसतंय, राहू दे तिला. पोरगी लई हुशार हाय. एकदा फडात गेली की संपलं."

शहरातून आलेल्या डॉक्टरांनी साफ नकार दिला. ऑपरेशननंतर डोळ्यात औषध कोण घालणार? दोन आंधळे एकमेकांच्या कानात घालतील, म्हणाले. त्यांचं चुकत नव्हतं. पण मला त्या दिवशी कोण चूक आणि कोण बरोबर याचाच कंटाळा आला होता. मी म्हणाले, "दोघांना वॉर्डात ठेवून घेते. औषध मी घालीन. नातेवाईक म्हणून मला धरा." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. तेही सकाळपासून उभेच होते. "बरं. सगळ्यात शेवटी घेऊ," म्हणाले.

दुपारी ऑपरेशन थिएटरमधलं पाणी संपलं. मागच्या अंगणात आमचा टँकर उभा असायला हवा होता, तिथे नुसती चाकांची ओल होती. मी मांडवाकडे गेले. टँकर तिथे होता आणि रिकामा होता. साहेबांच्या वाढदिवसाचं गावजेवण, त्यासाठी आचाऱ्याला पाणी कमी पडलं म्हणून कुणीतरी तो वळवला होता. मांडवभर खुर्च्या. बसलेले कोण, तर संचालक, त्यांचे ड्रायव्हर आणि शाळेतून रांगेने आणलेली मुलं. ज्यांच्यासाठी एवढी आमटी शिजली होती ते सगळे दुसऱ्याच्या उसात उभे होते.

मी नोकरीत पहिल्यांदा ओरडले. "थिएटरचं पाणी होतं ते! माणसं झोपवून ठेवलीत आम्ही!"

"हळू बोला सिस्टर," मॅनेजर म्हणाले. "पाव्हण्यांना न जेवता कसं पाठवायचं?"

डॉक्टरांनी हातमोजे काढले. उरलेल्यांना पुढची तारीख. मी हे त्या दोघांना सांगितलं तेव्हा टोपीवाला शिव्या देत राहिला. मग कुणीतरी त्यांना पंगतीला नेऊन बसवलं. ज्या पाण्यावर मुंडासंवाल्याचा डोळा व्हायचा होता त्याच पाण्याची आमटी त्याने भुरकली. भूक लागली होती त्याला, सकाळपासून उपाशी होता.

संक्रांतीनंतर टोपीवाला खोकल्याचं औषध न्यायला आला, तेव्हा त्याच्याकडून कळलं. मुलगा आला आणि पोरीला घेऊन गेला. म्हातारा फाट्यापर्यंत मागं गेलता, म्हणाला.

मी फळ्यावर लिहायचं सोडलं नाही, पण डॉक्टरांच्या मागे हात धुऊन लागले. फोन केले, भांडले, शेवटी पाडव्याच्या आधी एक दिवस मिळाला. ना मांडव, ना साहेब. राहिलेल्या सगळ्यांची ऑपरेशनं झाली, या दोघांचीही. पट्टी सोडली तेव्हा टोपीवाल्याने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाला, "बाई, तुमी आवाजावरनं जाड वाटल्या हुत्या." वॉर्ड हसला. मुंडासंवाला खिडकीतून बाहेर बघत होता.

महिन्याने तो तपासणीला आला, तेव्हा टोळ्या परतल्या होत्या. सोबत नात होती. त्याला आता नीट दिसत होतं तरी तिने त्याचं मनगट धरलं होतं. उंच, काळवंडलेली, केस उन्हाने तांबूस झालेले.

"शाळा?" मी तिला विचारलं.

ती फरशीकडे बघत राहिली. "परीक्षा होऊन गेली."

"अगं, जूनमध्ये परत जा की. आता आजोबांना दिसतंय."

"जाऊ देत न्हाईत तिला," म्हातारा म्हणाला. "बापाला तिच्या कामाची सवय झाली. सपासप मोळ्या बांधती म्हनं. पुढच्या साली कोयता देनार हाय तिच्या हातात."

मी त्याला बाकावर आडवं केलं आणि त्याची पापणी उचलली. डोळा स्वच्छ होता, ऑपरेशन छान झालं होतं. पोरगी औषधांच्या खिडकीकडे गेली तसा तो हळू आवाजात बोलला.

"आली त्या दिवशी तिचे हात बघितले मी, बाई. दिसलं नसतं तर बरं झालं असतं."

मी डोळ्यात औषधाचा थेंब टाकला आणि म्हणाले, थोडा वेळ मिटून ठेवा.