वाळवंटातल्या लहान कबरी

"वैजू गेली, वहिनी," एवढंच तिचा नवरा सुधीर फोनवर म्हणाला. ऑफिसच्या पार्किंगमध्ये मी नुसती उभी राहिले. वैजू माझी लॉस एंजलिसमधली बावीस वर्षांची मैत्रीण. ती नागपूरची, मोकळीढाकळी. मी पुण्याची, फटकळ. आमचं जमलं कसं, देव जाणे! तिच्या आजारपणात मी डबे नेले, औषधं आणली... पण एक माफी मागायची होती, ती राहूनच गेली.

चार वर्षांपूर्वी माझ्या भाचीच्या वास्तुशांतीला आम्ही दोघी रिनोला ड्राइव्ह करत निघालो होतो. वाटेत, वाळवंटात एक जुनी छावणी लागते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारने जपानी वंशाच्या लोकांना, इथलेच नागरिक असूनही, बायकापोरांसकट तिथे डांबलं होतं. आता स्मारक आहे. वैजू म्हणाली, "दहा मिनिटं थांबू यार. तिथली दफनभूमी बघायचीय. तू चल ना सोबत." मी फटकारलं, "शुभकार्याला चाललोय आणि कबरी कसल्या बघतेस? मी नाही येणार." आणि एसी लावून गाडीत बसून राहिले. ती एकटीच गेली. अर्ध्या तासाने आली तेव्हा डोळे लाल झाले होते. "अगं, तिथे तान्ह्या बाळांच्या कबरी आहेत. कुणीकुणी खेळणी ठेवलीत..." आणि मी काय म्हणावं? "आधी हात धू!" बाटलीतलं पाणीही मीच ओतलं. तिने मुकाट्याने हात धुतले.

वैजूचं पहिलं बाळ जन्मतःच गेलं होतं. आमच्या ओळखीच्या आधीची गोष्ट. तिने ती मला एकदाच सांगितली होती, आणि तिला त्रास नको म्हणून मी लगेच विषय बदलला होता. शहाणीच मी!

मागच्या शनिवारी मी एकटी त्या छावणीत गेले. लाकडी बराकीच्या फटींतून धूळ आत येत होती. बायकांचे संडास पाहिले. ओळीने भांडी, मधे साधा आडोसा नाही. म्हाताऱ्या, आजारी, बाळंतिणी, सगळ्यांनी तिथेच बसायचं... दफनभूमीत दगड गोल मांडलेली एवढीशी जागा होती, आत प्लॅस्टिकची मोटार, उन्हाने विटलेली. वैजू इथे कुणासाठी आली होती, हे मला कळलं ते ती गेल्यावर. मी तिथेच बसून हमसाहमशी रडले.

तिथूनच सुधीरला फोन लावला. "तुमच्या बाळाचं नाव काय ठेवलं होतंत?"

"चिन्मय," तो म्हणाला.

"चिन्मय," मी म्हटलं.

"परत म्हणा ना, वहिनी." त्याला हुंदका आवरेना. "घरात ते नाव घेणारी ती एकटीच होती."